मोजणीचा आठवडा

‘बोरसावळी नगरपंचायत हद्दीतील व्यसनभार दर हजारी एकेचाळीसवरून तीनवर आला असून, हे यश वैज्ञानिक मोजमापाने सिद्ध झाले आहे. सबब, जून महिन्याच्या मोजणीत आकडा पाचच्या खाली राहिल्यास सदर हद्द व्यसनमुक्त घोषित करून तेथील उपचार केंद्राचे अनुदान थांबविण्यात यावे.’

२०४३ सालच्या एप्रिलमधले हे परिपत्रक. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता, हे त्याच्या कर्त्यांच्या बाजूने आधीच मान्य करायला हवे. एकेचाळीस हा आकडा सप्टेंबरातला. सप्टेंबरात बोरसावळीचा माणूस बोरसावळीत असतो. दिवाळी झाली की तालुक्यातले निम्मे कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, ट्रकांत बसून कारखान्यांच्या फडांवर जातात आणि एप्रिलमध्ये परततात. डिसेंबरात आकडा चार आला, मार्चात तीन. नशेच्या गोळ्या खाणारी माणसे तेव्हा दोनशे किलोमीटरवर उसात वाकलेली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेला भेट देऊन ‘शाळेत एकही दंगेखोर मुलगा उरलेला नाही’ असा शेरा मारणारा अधिकारी आणि हे परिपत्रक लिहिणारा अधिकारी यांच्यात फरक एवढाच, की पहिल्याला लोक हसले असते.

मोजणारे यंत्र मात्र प्रामाणिक होते. गावाच्या टोकाला, बैलबाजारापलीकडे, भुयारी गटाराच्या शेवटच्या चेंबरमध्ये ते बसवलेले होते. कागदोपत्री त्याचे नाव सांडपाणी निरीक्षण संयंत्र. गावात त्याला हुंगणी म्हणत. गोळी पोटात गेली की यकृत तिचे तुकडे करते आणि त्यातला एक ठरावीक तुकडा लघवीवाटे बाहेर पडतो. हा तुकडा शरीराबाहेर तयार होत नाही. गोळ्यांची पोती गटारात रिकामी केली तरी हुंगणी ढिम्म राही. गोळी माणसातून जावी लागे. दुसरा पदार्थ क्रिएटिनीन. तो प्रत्येकाच्या स्नायूंच्या झिजेतून रोज जवळजवळ सारख्या प्रमाणात पडतो, त्यामुळे त्या दिवशी गटाराला किती माणसे लागली हे त्यावरून कळते. पहिल्याला दुसऱ्याने भागले की दर हजारी किती जण गोळी खातात ते निघते. रक्त काढायला नको, दारावर जाऊन प्रश्न विचारायला नकोत, नाव तर नकोच. यंत्र बनवणाऱ्यांना वाटले, आता व्यसनी माणसाला कुणी बोट दाखवणार नाही. त्यांनी एकच गोष्ट गृहीत धरली होती: माणूस संडासात जाईल.

या यंत्रावर मंत्रालयाने एक नियम रचला. आकडा चढला तर उपचाराला पैसे, उतरला तर केंद्र बंद. आणि सलग तीन तिमाह्या आकडा पाचच्या खाली राहिला, तर त्या गावाची रखडलेली पाणीयोजना प्राधान्याने मंजूर. मोजणी तिमाहीतून एकच आठवडा होई आणि तो आठवडा महिनाभर आधी कळवला जाई, ‘स्थानिक संस्थेस पूर्वतयारी करता यावी म्हणून’. कसली पूर्वतयारी, हे परिपत्रकाने सांगितले नव्हते. बोरसावळीत नळाला अकराव्या दिवशी पाणी येत असे. तिथे ते सांगायची गरज नव्हती.

प्रणिता सांगळे ही बोरसावळीच्या उपचार केंद्रातली एकमेव कायम परिचारिका. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. बाकी दिवस केंद्र म्हणजे प्रणिता, एक औषधांचे कपाट आणि जिभेखाली ठेवायची उपचाराची गोळी. ही गोळी रोज सकाळी तिच्यासमोर विरघळवायची. तिने ‘पिवळी’ची तलफ शमते, माणूस उभा राहतो, कामाला जातो. पिवळी हे नशेच्या गोळीचे गावातले नाव. पाठ, कंबर, मनगट यांसाठी म्हणून मुकादमांनीच ती फडावर वाटायला सुरुवात केली होती. अनुदान एकशेवीस जणांपुरते होते. प्रतीक्षायादीत चारशे साठ नावे होती.

त्या यादीत दोनशे सातव्या क्रमांकावर लिंबाजी सांगळे हे नाव होते. एकतीस हंगाम ऊस तोडलेला हा माणूस प्रणिताचा बाप. तिने त्याला एक आकडाही पुढे सरकवला नव्हता. लोकांना हे विचित्र वाटे. लिंबाजीला वाटत नसे.

“तुझ्या आईनं बी रेशनच्या रांगेत कधी वळखीनं पुढं घुसखोरी केली न्हाई,” तो म्हणे. “तिच्यावर गेलीस. मला त्रास हाय, पर तक्रार न्हाई.”

केंद्र चालू राहिले, तर ऑगस्टात त्याची पाळी येणार होती.

मोजणीच्या पहिल्या दिवशी, एक जूनच्या सकाळी, ती बापाला भेटायला भावाच्या घरी गेली, तेव्हा अंगणातल्या संडासाला नगरपंचायतीचे शिक्का मारलेले कुलूप होते. शेजारच्या घरी संडास उघडा होता, त्यापुढच्या घरी कुलूप, त्यापुढची तीन घरे उघडी. ती गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली. कुलपे कोणत्या घरांना आहेत हे ओळखायला तिला दोन मिनिटे पुरली. ती घरे तिच्या यादीतल्या क्रमाने तिला पाठ होती.

ती परतली तेव्हा तिचा भाऊ सोपान ओट्यावर दात घासत होता. तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, नगरसेवक आणि नव्याने स्थापन झालेल्या प्रभात पथकाचा प्रमुख.

“यादी कुठून आणलीस, सोपान?”

“कसली यादी?”

“मे महिन्यात डबा घेऊन आला होतास. मी आत गोळ्या देत होते. तू टेबलाशी बसला होतास.”

त्याने चूळ भरली. “ताई, सात दिवसांचा प्रश्न हाये. आठव्या दिवशी कुलपं निघतेत. तोवर खाणीवर सोय केलीये. गड्यांना अलीकडं, बायकांना पलीकडं, हिरवी जाळी लावून. पहाटं टेम्पो नेतो, टेम्पो आणतो. घरचे लोक बी तयार हायेत, इचार कुणालाबी.”

“घरच्यांना काय सांगितलंस?”

“पाणी सांगितलं. अठरा हजार मान्सं हायेत गावात. तू साडेचारशेसाठी भांडती. मी अठरा हजारासाठी भांडतो. आता सांग, कोण चुकलं?”

“त्या अठरा हजारांत हे साडेचारशे धरलेस का?”

तो टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाला, “आपल्या आण्णाचं नाव बी होतं यादीत. मी ते गाळलं न्हाई. तू बी गाळलं नसतंस.”

भावंडांत हा गुण सारखाच उतरला होता.

तिने त्याच दिवशी उपसंचालकांच्या कार्यालयाला पत्र लिहिले. डिसेंबर आणि मार्चमध्ये कोण गावात नव्हते, जूनमध्ये कुणाला गटारापासून दूर ठेवले जात आहे आणि यंत्राच्या आकड्याला या दोन्ही बाबतींत काय अर्थ उरतो, हे तिने दीड पानात मांडले. सायंकाळी उत्तर आले: ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.’ या राज्यात आजवर घेतल्या गेलेल्या नोंदी एकावर एक रचल्या असत्या, तर बोरसावळीला धरणापर्यंत बांध घालता आला असता.

चौथ्या दिवशी पहाटे खाणीवरून फोन आला. एक म्हातारा घसरून पडला आहे, उठता येत नाही. रुग्णवाहिका घेऊन ती निघाली, तेव्हा उजाडू लागले होते. दगडाच्या बंद खाणीच्या कडेने माणसे विखरून बसली होती आणि वर रस्त्यावर पथकाची पाच-सहा पोरे शिट्ट्या वाजवत होती. कुणी गावाकडे वळले, की शिट्टी.

प्रणिता अकरा वर्षांची असताना अशाच शिट्ट्या याच गावात वाजल्या होत्या. तेव्हाच्या पथकाचे नाव होते गुड मॉर्निंग पथक, आणि त्याचे काम नेमके उलटे होते: उघड्यावर बसलेल्यांना उठवणे. तिच्या आईला टमरेलासकट उभी करून त्यांनी तिच्या हातात गुलाबाचे फूल दिले होते आणि फोटो काढला होता. आईने पुढे वर्षभर दिवसा पाणी पिणे जवळजवळ सोडले. एका पिढीला लाज वाटायला लावून संडासात बसवणारे सरकार आता पुढच्या पिढीला लाज वाटायला लावून तिथून उठवत होते, आणि दोन्ही मोहिमांना पुरस्कार ठेवलेला होता.

लिंबाजी दगडाच्या भुकटीवर कुशीला पडला होता. कंबर धरली होती. पिवळी न मिळाल्याने कपाळावर घाम होता आणि हात कापत होते. तिने त्याला तपासले. हाड मोडलेले नव्हते. चालकाने स्ट्रेचर काढले. भोवती माणसे जमली, पण अंतर राखून. त्यांतल्या एकाने, ट्रॅक्टर चालवणाऱ्या बाबू डोईफोडेने, थंडपणे विचारले:

“सिस्टर, आता फोटो काढायला आलाव का?”

प्रणिता उभी राहिली. “यादी माझ्या टेबलावरून गेली. माझ्या भावानं नेली. ती कुलपात ठेवायची अक्कल मला नव्हती. चूक माझी आहे.”

क्षमा मागणारा सरकारी माणूस त्यांनी पूर्वी पाहिलेला नव्हता, त्यामुळे अशा वेळी काय बोलतात हे त्यांना ठाऊक नव्हते.

“मला उचला,” लिंबाजी म्हणाला. “पर एकट्याला नेऊ नका. गाडीत जागा हाये.”

“आण्णा, ही रुग्णवाहिका आहे.”

“मंग ह्ये कोण हायेत? वऱ्हाडी?” त्याने मान वळवून बाबूकडे पाहिले. “दवाखान्यात किती संडास हायेत गं?”

“चार.”

“कुलपं?”

त्या क्षणी तिला सगळे एकदम दिसले. केंद्राची इमारत आरोग्य खात्याची. नगरपंचायतीचे कुलूप तिथे चालत नव्हते. केंद्राचे गटार थेट मुख्य वाहिनीला, आणि मुख्य वाहिनी बैलबाजारापलीकडच्या चेंबरला. आवारात दवाखान्याच्या वाट्याचा टँकर भरलेला उभा होता. हुंगणीला फसवायचे झाले, तर फार विद्वत्ता लागली असती. खरे सांगायला चार संडास पुरे होते.

“कुलपं नाहीत,” ती म्हणाली.

पहिल्या फेरीत अकरा जण आले. दुसऱ्या फेरीत चौदा. तिसऱ्या फेरीपासून लोक गाडीची वाट न बघता चालत येऊ लागले. प्रणिताने कुणाचे नाव विचारले नाही, कागद बाहेर काढला नाही. तिने मोठ्या पातेल्यात चहा चढवला आणि प्रत्येकाला चहाआधी दोन तांबे पाणी प्यायला लावले. केंद्राच्या व्हरांड्यात लिंबाजी खाटेवर पडून रांगेवर देखरेख करत होता.

“आण्णा, तुमचा नंबर कितवा?” कुणीतरी विचारले.

“हितं बी लेकीनं मागंच ठिवलंय.”

शेवंता खाडे नावाची बाई, बारा वर्षे फडावर मोळ्या वाहिलेली, पदराने तोंड पुसत संडासातून बाहेर आली आणि म्हणाली, “सिस्टर, माझ्या मुताला एवढा मान उभ्या जन्मात कुणी दिला नव्हता. नवऱ्याला सांगते, च्या पाजल्याबिगर जायची न्हाई आता.”

रांग हसली. प्रणिताने त्या आवारात असे हसणे प्रथमच ऐकले.

दहाच्या सुमाराला सोपान फाटकाशी आला. मागे पथकाची पोरे. त्याने रांग पाहिली, टँकर पाहिला, टँकरच्या नळाखालच्या बादल्या पाहिल्या.

“हे पाणी संडासात ओतायलीस? ह्या गावात?”

“दवाखान्याचं आहे.”

“ताई, बंद कर. आत येऊन बंद करीन.”

“ही जागा आरोग्य खात्याची. आत यायचं तर केसपेपर काढ. वाट बघावी लागेल, रांग मोठी आहे.”

पोरांपैकी दोघे हसले आणि लगेच गंभीर झाले. सोपानचा चेहरा तापला. “उद्या गावाला पाणी मिळालं न्हाई, तर लोकांना सांगीन, माझ्या बहिणीनं घालवलं. दारात दगड पडतील तुझ्या.”

“सांग. पण पूर्ण सांग. कुठं घालवलं, तेही सांग.”

व्हरांड्यातून लिंबाजीने हाक दिली, “सोपाना, च्या घेतो का?” मुलगा उत्तर न देता वळला. पण शिट्ट्या त्या सकाळनंतर वाजल्या नाहीत. पोरांना आपल्याच काकाला आणि मामाला हुसकण्याची उमेद उरली नव्हती.

सात जूनला संध्याकाळी मोजणी संपली. आठवड्याची सरासरी दर हजारी एकवीस निघाली. पहिल्या तीन दिवसांत ती दोन होती.

चौकशी लागायला नऊ दिवस लागले. याच खात्याला कपाटातल्या गोळ्यांचा साठा भरून द्यायला तीन महिने लागत. आरोप होता: शासकीय मापनयंत्राच्या निष्कर्षात हेतुपुरस्सर हस्तक्षेप. उपसंचालक केळुसकर स्वतः आले. मऊ आवाजाचा, स्वच्छ नखांचा माणूस. टेबलावर टोपी ठेवावी तशी त्याने सहानुभूती ठेवली.

“सिस्टर, आरोप गंभीर आहे, पण मला तुमचं नुकसान करायचं नाही. नियम काय म्हणतो? वाढीचा स्रोत अज्ञात असेल, तर ती मोजणी सदोष मानून मागची ग्राह्य धरायची. मार्चचे तीन. तुम्ही एवढंच लिहून द्या, की आकडा का वाढला याची तुम्हाला कल्पना नाही. आरोप आजच मागे. यंत्राचा दोष म्हणू. यंत्र काही तक्रार करणार नाही.”

“आणि केंद्र?”

“केंद्र महिनाअखेर बंद. तुमची बदली जिल्हा रुग्णालयात.” त्याने फाइल उघडून एक ओळ वाचली. “वडील प्रतीक्षायादीत आहेत ना आपले? जिल्ह्याला जागा आहे. उद्यापासून गोळी सुरू. उद्यापासून, सिस्टर.”

“आणि मी तसं लिहिलं नाही तर?”

“तर तुमचा जबाब हा कबुलीजबाब होईल. निलंबन, कदाचित बडतर्फी.” तो थांबला. पुढचे वाक्य त्याला गिळता आले असते, पण नियमांवर त्याचा जीव होता. “अर्थात, मग स्रोत अज्ञात राहत नाही. मोजणी कायम करावी लागते, आणि केंद्रही.”

तिने सकाळपर्यंतचा वेळ मागून घेतला.

लिंबाजी केंद्राच्या मागच्या खोलीत होता. सोपानच्या घरी तो परतला नव्हता. पिवळी न मिळाल्याने त्या दिवशी त्याला उलट्या झाल्या होत्या. पाय स्थिर राहत नव्हते, तो ते हातांनी दाबून धरत होता. तिने काही न वगळता त्याला सगळे सांगितले. उद्यापासून, हा शब्दही.

“मला इचारू नको,” तो म्हणाला. “माझं अंग हो म्हनतंय. अंगाला इचारलंस, तर ते काय बी कबूल करंल. तुझ्या आईचं मंगळसूत्र बी ह्याच अंगानं इकलंय.”

“मग कुणाला विचारू?”

“त्या खाडेच्या शेवंताला इचार. तिचा नंबर कितवा हाये?”

“तीनशे अडुसष्ट.”

“तिला कुण्या जिल्ह्यात उद्यापासून जागा हाये का?” त्याने कूस बदलली आणि कण्हला. “जा, पान्याचा तांब्या आन. अन् लाईट घालव, डोळ्यावर येतीया.”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता नगरपंचायतीच्या सभागृहात जबाब झाला. बाहेर माणसे उभी होती. त्यांत पाणी मागणारी होती, गोळी मागणारी होती आणि दोन्ही मागणारीही होती. सोपान खिडकीशी टेकून उभा होता. केळुसकरांनी टंकलेखकाला मजकूर तोंडी सांगायला सुरुवात केली, तेव्हा प्रणिताने हात वर करून त्यांना थांबवले. माझा जबाब माझ्या शब्दांत घ्या, एक शब्द इकडचा तिकडे न करता, असे तिने बजावले. नियमात तशी तरतूद होती, त्यामुळे केळुसकरांना नाही म्हणता आले नाही. तिच्या सहीचा तो जबाब पुढीलप्रमाणे नोंदवला गेला:

‘होय. चार ते सात जून या चार दिवसांत बोरसावळीच्या गटारातला आकडा मी वाढवला. त्यासाठी मी कोणतेही रसायन वापरले नाही, यंत्राला हात लावला नाही. ज्या माणसांना नगरपंचायतीने खाणीवर हाकलले होते, त्यांना मी संडासात बसवले. ती याच गावची माणसे आहेत. ती गोळी खातात, आणि ती सुटावी म्हणून आपल्या पायांनी माझ्या दारात आली होती. त्यांची नावे मी देणार नाही. ती एकदा माझ्या हलगर्जीपणामुळे फुटली. आरोपपत्रात घालायचाच असेल तर तो गुन्हा घाला, तोही मी कबूल करते. पण स्रोत अज्ञात आहे असे लिहू नका. स्रोत मला माहीत आहे, मी त्याला चहा पाजला आहे. पुढची मोजणी कधी आहे ते कळवा. मी नोकरीत असेन वा नसेन, या माणसांना पुन्हा घेऊन येईन.’